मेंढा, शेवंड, कोळंबी आणि महामार्ग

सिडनीहून कॅनबेराकडे निघालं की ह्यूम महामार्गावर साधारण 195 किलोमीटरवर गोलबर्न हे गाव येतं. महामार्ग मात्र गावात शिरत नाही, बाजूने निघून जातो. गावात उतरणारा फाटा घेतला तरच पेट्रोल पंप आणि खाण्याच्या दुकानांच्या गर्दीत तो मेंढा दिसतो. उंची 15.2 मीटर, लांबी 18 मीटर, वजन जवळजवळ 100 टन. पाच मजली इमारत भरेल एवढं जनावर, करड्या काँक्रीटचं, दोन्ही बाजूंना वेटोळी घातलेली शिंगं आणि मानेखाली एकावर एक लोंबणाऱ्या कातडीच्या घड्या. या घड्या हीच मेरिनो मेंढ्याची खूण. शिल्पकाराने त्या अगदी मन लावून घडवल्या आहेत. बाजूच्या एका मेंढपाळ वाडीवरचा 'रॅम्बो' नावाचा पैदाशीचा मेंढा समोर ठेवून हा पुतळा केला, म्हणून पुतळ्याचंही नाव रॅम्बोच. तो नर आहे हेही शिल्पात स्पष्ट दाखवलं आहे, आणि ते योग्यच आहे. पैदाशीचा मेंढा हीच या मुलुखाची खरी दौलत होती.

सिडनीत राहणाऱ्या मराठी कुटुंबांना हा मेंढा ठाऊक असतो. जोडून सुट्टी आली की कॅनबेरा किंवा बर्फाचे डोंगर बघायला सगळे याच रस्त्याने जातात. माझ्या भाच्याने गाडी फाट्यावर वळवली तेव्हा तो एवढंच म्हणाला, "मावशी, इथे मुलांना पाय मोकळे करू देऊ आणि चहा घेऊ." मुलं मेंढ्याच्या पायांशी धावली आणि मी आतल्या लोकरीच्या प्रदर्शनात शिरले. पोटात खाली दुकान आहे, वरच्या मजल्यावर लोकरीचा इतिहास मांडला आहे, आणि जिन्याने थेट डोक्यापर्यंत जाऊन मेंढ्याच्या डोळ्यांतून बाहेर बघता यावं अशी बांधणीच आहे. चहा बराच उशिरा झाला.

ऑस्ट्रेलियात अशा अवाढव्य पुतळ्यांना 'बिग थिंग्ज' म्हणतात. देशभर दीडशेहून जास्त आहेत. त्यात केळं आहे, अननस आहे, गिटार आहे. पण मला ओढ लागली ती प्राण्यांची. फळाचा पुतळा बागेची जाहिरात करतो. प्राण्याचा पुतळा बहुतेक वेळा अख्ख्या गावाचं पोट कशावर चालत होतं ते सांगतो. या पुतळ्यांकडे पोरखेळ म्हणून बघणारे पुष्कळ आहेत, ऑस्ट्रेलियातही आहेत. मला ते मान्य नाही. गोलबर्नचा मेंढा नीट बघितला तर त्या देशाच्या दोनशे वर्षांच्या शेतीचा ताळेबंद त्यात सापडतो.

मेरिनो मेंढ्या या खंडात पहिल्यांदा आल्या 1797 मध्ये, केप ऑफ गुड होपहून जहाजातून. मूळ जात स्पेनची. या मेंढीची लोकर इतकी तलम की तिचं कापड अंगाला टोचत नाही. आपल्याकडच्या दख्खनी मेंढीची लोकर जाडीभरडी, राठ. तिची घोंगडी पाऊस अडवते, पण तिचा सदरा होत नाही. मेरिनोचा होतो. इंग्लंडच्या गिरण्यांना हीच लोकर हवी होती, आणि गोलबर्नच्या भोवतालची थंड, कोरडी, गवताळ पठारं तिला मानवली. पुढे दीडशे वर्षं त्या देशाचा संसार मुख्यतः लोकरीवर चालला. 1950-51 च्या हंगामात, कोरियातलं युद्ध चालू असताना, एक पौंड वजनाच्या लोकरीला एक पौंड चलन असा भाव मिळाला. लोकरीच्या पैशातून बांधलेल्या जुन्या इमारती अजून गोलबर्नच्या मुख्य रस्त्यावर उभ्या आहेत.

मेंढा उभा राहिला तो 20 सप्टेंबर 1985 रोजी. त्या वेळी लोकरीला सरकारपुरस्कृत हमीभाव होता. बाजारात भाव पडला की महामंडळ लोकर विकत घेऊन साठवायचं. साठा फुगत गेला आणि फेब्रुवारी 1991 मध्ये ती योजना कोसळली. त्या वेळी गोदामांत सुमारे 47 लाख गासड्या पडून होत्या. गिऱ्हाईक नाही म्हणून लाखो मेंढ्या मारून पुराव्या लागल्या. पाठोपाठ 1992 मध्ये ह्यूम महामार्गाचा बायपास झाला. तोपर्यंत सिडनी-मेलबर्न रस्त्यावरची प्रत्येक गाडी गोलबर्नच्या पोटातून जात होती. एका दिवसात ती बाहेरून जाऊ लागली. मेंढा जुन्या रस्त्यावर, जुन्या पंपाशेजारी राहिला. गिऱ्हाईक कमी झालं.

मग 26 मे 2007 रोजी त्या 100 टनांच्या जनावराला पायथ्यापासून सोडवून अवजड ट्रेलरवर चढवलं आणि सुमारे 800 मीटरवर, नव्या फाट्याजवळ आणून बसवलं. गावकऱ्यांना महामार्ग हलवता आला नाही, म्हणून त्यांनी मेंढा हलवला. मला या सगळ्या प्रवासात याहून मोठी गोष्ट दिसली नाही.

हे पुतळे करतात कसे, याबद्दलही थोडं सांगायला हवं, कारण पुतळ्याचं आयुष्य त्यावर ठरतं. दोन मुख्य पद्धती आहेत. एक काँक्रीटची: आधी लोखंडी सांगाडा उभा करायचा, त्यावर जाळी आवळायची, आणि जाळीवर हाताने थर चढवत, ओलं असतानाच केसाळपणा, घड्या, खवले कोरायचे. दुसरी फायबरग्लासची: सांगाडा तोच, पण वर साच्यातून काढलेली पातळ कवचं बसवायची. पहिली जड आणि टिकाऊ, दुसरी हलकी आणि स्वस्त. गोलबर्नचा मेंढा 100 टनांचा, तर दक्षिण ऑस्ट्रेलियातली त्याच्याहून उंच शेवंड फक्त 4 टनांची. फरक एवढा आहे. पण फायबरग्लास उन्हाने फिका पडतो, तडकतो, आणि तड्यातून समुद्राची खारट हवा आत शिरली की सांगाड्याला गंज चढतो. बहुतेक पुतळे खासगी मालकीचे. रंगरंगोटीचा खर्च पंपाच्या किंवा हॉटेलच्या गल्ल्यातून निघायचा. गाड्या थांबेनाशा झाल्या की पहिल्यांदा रंग उडतो.

गोलबर्नचा मेंढा, बॅलिनाची कोळंबी आणि टारीचं कालव, ही तिन्ही कामं अटिला आणि लुई मोकानी या भावांची. तिघांची नशिबं मात्र तीन तऱ्हांची निघाली.

त्याआधी डोंगरातला मासा. गोलबर्नहून कॅनबेरा ओलांडून दक्षिणेला कूमा, आणि कूमापासून स्नोई माउंटन्स हायवेने सुमारे 50 किलोमीटरवर अ‍ॅडॅमिनाबी. चिमुकलं गाव. बागेच्या कडेला शेपटीवर उभा असलेला, अंग वळवून पाण्याबाहेर उसळी घेणारा ट्राऊट मासा. उंची 10 मीटर, वजन अडीच टन, 1973 सालचा, घडवणारे अँडी लोमनिची. अंगावरचे ठिपके आणि बाजूने जाणारा गुलाबी पट्टा बघून हा रेनबो ट्राऊट आहे हे मासेमाऱ्याला लगेच कळतं.

हा मासा इथे का, याचं उत्तर गावाच्या दफ्तरात आहे. हे गाव मुळात इथे नव्हतंच. 1949 मध्ये स्नोई नद्यांचं पाणी वळवून वीज आणि सिंचन करण्याची प्रचंड योजना सुरू झाली, ती 1974 पर्यंत चालली. त्या योजनेतला सगळ्यात मोठा जलाशय म्हणजे युकम्बीन, आणि जुनं अ‍ॅडॅमिनाबी त्याच्या बुडीत क्षेत्रात आलं. 1950 च्या दशकाच्या उत्तरार्धात शंभरेक इमारती उचलून, ट्रकवर चढवून नव्या जागी आणल्या, चर्चही आलं. उरलेलं गाव पाण्याखाली गेलं. 2007 च्या आसपास मोठा दुष्काळ पडला तेव्हा पाणी आटून जुन्या गावाची जोती, पायऱ्या, यंत्रांचे सांगाडे वर आले. उजनीचं पाणी ओसरल्यावर पळसदेवचं देऊळ दिसू लागतं आणि जुनी माणसं काठावर येऊन उभी राहतात, तसंच.

ज्या पाण्याने गाव गिळलं त्याच पाण्यात ट्राऊट वाढला. हा मासाही इथला नव्हे. तपकिरी ट्राऊटची अंडी 1864 मध्ये इंग्लंडहून बर्फात जपून टास्मानियात आणली. रेनबो मूळचा कॅलिफोर्नियाचा, तो न्यूझीलंडमार्गे आला. थंड जलाशयात तो फोफावला आणि गळ टाकायला शहरी माणसं येऊ लागली. शेतीचं गाव पाहुण्यांचं गाव झालं. म्हणून हा मासा मला पुतळ्यापेक्षा विस्थापित गावाने नव्या जागी रोवलेला खांब वाटतो. उंचीत तो मेंढ्याहून बराच लहान आहे, कलाकुसरीत मात्र त्याला तोड नाही. अंगाचा पीळ एवढा जिवंत पकडणं काँक्रीटच्या मोठ्या कामांना जमलेलं नाही.

आता उत्तरेला. सिडनीहून ब्रिस्बेनकडे जाणारा पॅसिफिक महामार्ग हा या पुतळ्यांचा खरा राजमार्ग. न्यूकॅसलच्या बाहेर हेक्सम येथे एका क्लबपुढे मोठा डास आहे. तिथल्या दलदलीतले डास कुप्रसिद्ध, त्यांच्यावरूनच तो केला. टारीला मोकानी बंधूंचं कालव आहे, 1990 चं. नदीकाठच्या कालवांच्या शेतीसाठी हा भाग प्रसिद्ध, कल्पना रास्त होती. पण उघडलेल्या शिंपल्याला चेहरा नसतो, डोळे नसतात. लांबून गाडीतल्या माणसाला ते काय आहे हेच उमगत नाही. पुढे महामार्गही गावाबाहेरून गेला. आज त्या इमारतीत मोटारी विकतात. वॉचोपजवळ 14 मीटर उंचीचा बैल होता, तो 2007 मध्ये उतरवला. त्यापुढे सिडनीपासून 530 किलोमीटरवर कॉफ्स हार्बरला 1964 चं प्रसिद्ध केळं येतं. ते आपल्या विषयातलं नाही, पण या सगळ्या प्रकाराला ज्याने लोकप्रिय केलं ते तेच, म्हणून त्याला मान द्यायला हवा.

बॅलिनाची कोळंबी मात्र उतरून बघायलाच हवी. सिडनीहून 740 किलोमीटर. ब्रिस्बेनहून यायचं तर निम्म्याहून कमी. 1989 मध्ये एका पेट्रोल पंपाच्या छपरावर ती बसवली. बॅलिनाच्या बोटी कोळंबीवर जगत होत्या, त्यामुळे गावाला ती आपली वाटली. पंप बंद पडला, रंग उडाला, आणि 2009 मध्ये स्थानिक परिषदेने ती पाडायला परवानगीही दिली. लोकांना ते पटलं नाही. 2011 मध्ये बनिंग्स या हार्डवेअर दुकानांच्या साखळीने जागा घेतली आणि कोळंबी राखायचं कबूल केलं. सुमारे चार लाख डॉलर खर्चून 2013 मध्ये ती नव्याने उभी राहिली. मूळ कोळंबीला शेपूटच नव्हतं, पुढचा भाग तेवढा केला होता. दुरुस्तीत तिला पहिल्यांदा शेपूट मिळालं. उंची 9 मीटर, वजन 35 टन. खाली उभं राहून वर पाहिलं की पायांच्या जोड्या, कल्ल्यांवरचं कवच, पुढे आलेली करवतीसारखी सोंड, सगळं नीट ओळखता येतं. ज्यांनी घरी कोळंबी सोलली आहे त्यांना हे काम किती बिनचूक आहे ते जास्त कळेल. नारिंगी रंग मात्र शिजलेल्या कोळंबीचा आहे, जिवंत कोळंबीचा नव्हे.

क्वीन्सलँडमध्ये शिरल्यावर ब्रिस्बेनच्या उत्तरेला, जिम्पीच्या अलीकडे पंपाशेजारी 13 मीटर उंचीची कांगारू उभी आहे, नाव मटिल्डा. ही जन्माने रस्त्याची नव्हे. 1982 मध्ये ब्रिस्बेनला राष्ट्रकुल खेळ झाले, त्यांचं ती शुभचिन्ह. 30 सप्टेंबरला उद्घाटनाच्या वेळी ती चाकांवर मैदानाला फेरी मारत आली, प्रेक्षकांकडे बघून डोळा मिचकावला, आणि तिच्या पोटातल्या पिशवीतून मुलं उड्या मारत बाहेर पडली. खेळ संपल्यावर ती गोल्ड कोस्टच्या करमणूक उद्यानात गेली, मग एका पंपावर, मग उत्तरेला दुसऱ्या पंपावर. तिथेही ब्रूस महामार्ग बदलला, पंप ओस पडला, आणि पुन्हा एकदा तिला उचलून नव्या रस्त्यालगत आणलं. एका कांगारूच्या नशिबी एवढी स्थलांतरं आली, तरी प्रत्येक वेळी कुणीतरी ट्रेलरचा खर्च केला. लोकांना या पुतळ्यांबद्दल काय वाटतं याचा आणखी पुरावा लागत नाही.

मेलबर्न आणि अ‍ॅडलेडमधल्या वाचकांसाठी दोन वाटा आहेत. आतल्या वेस्टर्न हायवेने गेलात तर मेलबर्नपासून साधारण अडीचशे किलोमीटरच्या पुढे, स्टॉवेल आणि हॉर्शम यांच्या मधे डॅड्सवेल्स ब्रिज इथे कोआला बसला आहे: 14 मीटर, 12 टन, 1980 च्या दशकाच्या अखेरचा, बेन व्हॅन झेटन यांचं काम. चेहरा जरा उग्र झाला आहे; कोआलाचं गोंडसपण शोधणाऱ्यांची निराशा होते. ग्रॅम्पियन्सचे डोंगर शेजारीच आहेत, त्यामुळे रस्ता वाकडा करावा लागत नाही.

दुसरी वाट समुद्राच्या कडेने. तिच्यावर, अ‍ॅडलेडच्या 300 किलोमीटर अलीकडे, किंग्स्टन एसई नावाचं मासेमारीचं गाव आहे, आणि गावाच्या तोंडाशी लॅरी. 17 मीटर उंच, 15 मीटर लांब, पावणेचौदा मीटर रुंद, लाल-नारिंगी शेवंड. अँटेनासारख्या लांब मिशा आभाळात गेलेल्या. आपल्या कोकणकिनाऱ्यावर रत्नागिरी-मालवणला जिला शेवंड म्हणतात तिच्याच कुळातला हा प्राणी: मोठ्या नांग्या नसलेला, काटेरी कवचाचा, मिशांनी शत्रूला हटवणारा. युरोप-अमेरिकेत लॉबस्टर म्हटलं की ज्या जाड नांग्या डोळ्यांसमोर येतात तो वेगळा.

लॅरी 15 डिसेंबर 1979 ला उघडला. इयान बॅकलर हे स्वतः शेवंड पकडणारे. अ‍ॅडलेड-मेलबर्न रस्त्यावरच्या गाड्या थांबाव्यात म्हणून त्यांनी साथीदारांसह उपाहारगृह आणि माहिती केंद्र काढलं आणि त्याच्यापुढे हा पुतळा. घडवणारे पॉल केली. अ‍ॅडलेडमध्ये 1963 साली ज्यांनी स्कॉटिश पोशाखातला मोठा माणूस केला, जो देशातला पहिला 'बिग थिंग' मानतात, तेच हे. गावात एक आख्यायिका सांगतात: आराखड्यातले आकडे फुटांत होते, ते मीटर समजून बांधले, म्हणून लॅरी एवढा झाला. खरं असेल असं मला वाटत नाही, कारण पुतळ्याची प्रमाणं आणि पाया त्या उंचीसाठीच विचारपूर्वक केलेले दिसतात. पण 1970 च्या दशकात तो देश फूट-पौंड सोडून मीटर-किलोवर आला, तेव्हाचा गोंधळ या गोष्टीत नक्कीच जपला गेला आहे. पुढे समुद्राच्या वाऱ्याने लॅरीचं कवच तडकलं, रंग फिका पडला. 2016 च्या सुमाराला लोकवर्गणी झाली आणि त्याचं रंगकाम, दुरुस्ती पार पडली.

इथल्या बोटींचं नशीब एका मोठ्या गिऱ्हाइकाशी बांधलेलं आहे. जिवंत शेवंड विमानाने चीनला जायची. 2020 च्या अखेरीस चीनने ती घेणं थांबवलं, आणि दक्षिण किनाऱ्यावरच्या मच्छीमारांवर संकट कोसळलं. घरच्या बाजारात स्वस्तात विकून त्यांनी दिवस काढले. 2024 संपता संपता तो बाजार पुन्हा उघडला. लॅरीपाशी फोटो काढून झाल्यावर धक्क्यावर जायला विसरू नका. पुतळ्याची खरी माणसं तिथे भेटतात.

बाकीचे थोडक्यात. अ‍ॅडलेडहून पर्थकडे जाणाऱ्या आयर महामार्गावर किम्बा इथे 8 मीटरचा गुलाबी-राखाडी काकाकुवा आहे. देश आडवा ओलांडताना हा अर्धा रस्ता झाला असं किम्बा अभिमानाने सांगतं. त्याच महामार्गावर दोन राज्यांच्या सीमेवर हातात व्हेजिमाइटची बाटली धरलेला कांगारू आहे. दूर दूर वस्ती नसलेल्या त्या पट्ट्यात तो दिसला की हायसं वाटतं. टास्मानियात पेंग्विन नावाच्याच गावात समुद्राकाठी तीन मीटरचा पेंग्विन आहे, 1975 चा. नाताळ आणि इतर सणांना त्याला कपडे चढवतात. मुलं बरोबर असतील तर याच्याइतका मायेचा पुतळा दुसरा नाही. स्वान हिलचा मरे कॉड मासा 1990 च्या दशकाच्या सुरुवातीला एका चित्रपटासाठी बनवला होता. चित्रपट विसरला गेला, मासा राहिला. डार्विनहून काकाडूकडे जाताना हम्पटी डू इथे मुष्टियुद्धाचे लाल हातमोजे घातलेली मगर आहे. 1983 च्या अमेरिका कप नौकाशर्यतीच्या वेळी गाजलेल्या मुष्टियोद्ध्या कांगारूच्या झेंड्यावरून ती कल्पना निघाली. फिलिप आयलंडच्या वाटेवर बास इथे गांडुळाच्या आकाराचं संग्रहालय होतं, ते 2012 मध्ये बंद पडलं. त्याची हळहळ मला जास्त वाटते, कारण गिप्सलँडचं ते एक मीटर लांबीचं, ताणलं तर आणखी वाढणारं गांडूळ खरोखर अस्तित्वात आहे, फक्त त्याच एका खोऱ्यात सापडतं आणि धोक्यात आहे. त्याच्याबद्दल सांगणारी जागा गेली.

आणि एक पुतळा असा आहे की त्याच्यापुढे उभं राहून प्रश्न विचारायला हवेत. क्वीन्सलँडच्या अगदी उत्तरेला, केर्न्सपासून सातशेच्या आसपास किलोमीटर पश्चिमेला, नॉर्मंटन गावात क्रिस नावाची मगर आहे. 8.63 मीटर. हा मोठा करून दाखवलेला आकार नाही, असा तिथला दावा आहे. क्रिस्टिना पाव्लोव्स्की या पोलंडहून आलेल्या शिकारी बाईंनी जुलै 1957 मध्ये नॉर्मन नदीकाठी मारलेल्या मगरीची ही हुबेहूब मापाची प्रतिकृती. जबडा उघडा, पाठीवर खवल्यांच्या रांगा. मुलं तिच्या तोंडात बसून फोटो काढतात. पण त्या मगरीची कवटी किंवा कातडी कुठल्याही संग्रहालयात नाही. शास्त्रज्ञांनी मोजलेली सगळ्यात मोठी खाऱ्या पाण्यातली मगर म्हणजे फिलिपाइन्सची लोलाँग, ती 6.17 मीटरची होती. दोहोंत अडीच मीटरचं अंतर आहे. माझं मत असं की आकडा जपून घ्यावा. मात्र बाईंची पुढची गोष्ट महत्त्वाची: त्यांनी शिकार सोडली आणि मगरींच्या बचावाची बाजू घेतली. क्वीन्सलँडने 1974 मध्ये मगरींना संरक्षण दिलं. त्या काळात कातड्यासाठी नद्यांच्या नद्या रिकाम्या होत होत्या. या मापाची मगर पुन्हा दिसायची तर तिला वाढायला दशकानुदशकं द्यायला हवीत, हे त्या पुतळ्याजवळ मुलांना जरूर सांगावं.

2007 मध्ये ऑस्ट्रेलियाच्या टपाल खात्याने मेंढा आणि लॅरी यांच्यासकट पाच 'बिग थिंग्ज'ची तिकिटं काढली. 2023 मध्ये टांकसाळीने एका डॉलरची नाणी काढली, त्यांत कोआला, मरे कॉड आणि लॅरी आहेत. एके काळी हसण्यावारी नेलेल्या पुतळ्यांना राष्ट्राने असा हात दिला, हे चांगलं झालं. पण तिकीट-नाण्यांनी गंज थांबत नाही. तो खर्च अजून गावांच्याच माथी आहे.

जायचं ठरवलंत तर दोन-चार गोष्टी ध्यानात ठेवा. गाडी आपल्यासारखीच डावीकडून चालते, त्यामुळे हात लगेच बसतो. अंतरं मात्र फसवतात. नकाशावर जवळ दिसणारी दोन गावं चार तासांवर असतात, आणि किम्बाच्या पुढे किंवा नॉर्मंटनच्या वाटेवर पंप दिसला की टाकी भरूनच निघायचं. संध्याकाळी अंधार पडता पडता खरे कांगारू रस्त्यावर येतात, तेव्हा गाडी चालवणं टाळावं. उत्तरेकडे जायचं तर मे ते सप्टेंबर. पावसाळ्यात तिकडचे रस्ते पाण्याखाली जातात. दक्षिणेला आणि डोंगरात ऑक्टोबर ते एप्रिल बरा. पहाटेचं किंवा सूर्यास्ताआधीचं ऊन फोटोला चांगलं, कारण भर दुपारी एवढ्या मोठ्या पुतळ्याचा चेहरा सावलीत काळा पडतो.

एकच बघायचा असेल तर? सिडनीत असाल तर गोलबर्न, आणि तिथून जमल्यास अ‍ॅडॅमिनाबी. दोन्ही मिळून लोकर आणि पाणी या त्या राज्याच्या दोन मोठ्या कहाण्या पुऱ्या होतात. मेलबर्न किंवा अ‍ॅडलेडमध्ये असाल तर लॅरी. रूपात आणि धाडसात त्याच्या जवळपास कुणी नाही.

सिडनी-मेलबर्नच्या आपल्या मंडळींना एक विनंती. पुढच्या जोडसुट्टीला महामार्गावरच्या मोठ्या थांब्यावर चहा घेऊन पुढे निघू नका. फाटा घ्या, पुतळा बघा, आणि मग आणखी पाच मिनिटं गाडी आत घालून गावातल्या बेकरीत किंवा उपाहारगृहात जेवा. हे पुतळे त्यासाठीच बांधले आहेत, आणि त्यांचा पुढचा रंग त्याच पैशातून लागणार आहे.